मोरामाचं दूध

कांग, ४ मे

चि. सेआबेलो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बसच्या ड्रायव्हरकडे मोरामाच्या बियांचं पोतं दिलंय, उतरवून घे. यंदा वेल वाळूवर लांबवर पसरलेत. तीन दिवस वाकून शेंगा तोडल्या, कंबर आता बोलत नाही, ओरडते.

शहरातल्या पाककृती स्पर्धेसाठी या बियांच्या दुधाची कृती मागितलीस. बिया गरम वाळूत भाज, तडतडल्या की लगेच काढ. करपल्या तर दूध कडू होतं. दगडाने फोडून गर कूट, पाण्यात उकळ, फडक्यातून गाळ. आई गेल्यावर तुला याच दुधावर वाढवलं, हे परीक्षकांना सांगशीलच.

शेजारची ओनालेन्ना मला म्हणते, भाऊ मोठा झाला की तुला ओळख दाखवणार नाही. मी म्हटलं, तुझ्या जिभेला काही हाड?

बायकोला जप. माझ्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई,
केनेइल्वे

गॅबरोन, १० जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पहिलं बक्षीस मिळालं. आता परीक्षक शुक्रवारी घरी येऊन दूध करताना बघणार आहेत. सासूबाईंनी दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा कडू. तू गुरुवारच्या बसने ये. मागच्या दाराने आत ये. कोणी विचारलंच तर स्वयंपाकाची बाई म्हणून सांगू. दोन तासांचा प्रश्न आहे. कारण भेटीत सांगतो, रागावू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
सेआबेलो

कांग, शनिवार

सेआबेलो यास,

कारण सांगायला नको. रेडिओ आमच्याकडेही लागतो. हे दूध सासूबाईंच्या घरात तीन पिढ्या करतात, असं तू सांगितलंस. ओनालेन्ना माझ्याच अंगणात बसून ऐकत होती. उठून रेडिओ बंद केला आणि घरी गेली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

तरीही गुरुवारी पिशवी भरून बसमध्ये बसले. शहरात सगळ्यांसमोर तुझी फजिती होईल, हे मला बघवेना. ड्रायव्हरने विचारलं, कोणाकडे निघालात? भावाकडे म्हणायला गेले आणि तोंडातून आलं, एका घरी स्वयंपाकाला. स्वतःच्या कानांनी ते ऐकलं आणि खाली उतरले.

काल तुझ्याकडे काय झालं, ते कळवू नकोस.

केनेइल्वे