डाव्या हाताचा कोयता

१२ जाने., सोम.
पेडण्याला घरी पोचलो. ऑफिसातून आठ दिवस रजा. काजूखालचं रान आत्ताच साफ केलं नाही तर बिया पडल्यावर शोधायच्या कशा? माळ्यावर वडिलांचा, आबांचा कोयता मिळाला. ते गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही, तरी गंज नाही. आई म्हणाली, "तो नाका. बाजारातसून नवो हाड." तिच्या कानामागचा व्रण याच कोयत्याचा, आबांच्या हातचा. मी नवा आणला नाही, हट्टाने हाच घेतला. वस्तूचा काय दोष!

१३, मंगळ.
फांदीवरून सटकतो मेला. दोनदा पायाशी आला. डिचोलीला जाऊन लोहाराला दाखवला. खाणीच्या ट्रकाचा पाटा तापवून त्यानेच डावऱ्या आबांसाठी घडवलेला. "डाव्या हाताचो हो, एकाच बाजून धार. तू उजवो, तुका कसो चलतलो?" दुसऱ्या बाजूने घासून घे म्हणाला.

१४, बुध.
संक्रांत. तिळगूळ खाऊन दुपारभर विहिरीजवळच्या दगडावर घासत बसलो. आधी कानस, मग पाणी. हात काळे. पण धार फिरवली! संध्याकाळपर्यंत सात झाडांखालचं साफ. स्वतःवर खूश.

१५, गुरु.
धार पुन्हा जुन्याच बाजूला. दगड सकाळी ओला होता. आईला विचारलं, जरा चिडूनच. "मी तेका हात तरी लावतलंय काय रे?" खरंच आहे. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

१६, शुक्र.
परत घासला. कपाटात टाकून कुलूप. किल्ली करदोट्याला.

१७, शनि.
कुलूप जसंच्या तसं. किल्ली कमरेला. धार डावी.
माझ्या डाव्या तळहातावर दगडाचा काळा चिखल, सुकलेला. आईला दिसायच्या आत धुतला. भीती वाटते आहे.

१८, रवि.
हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. दहा वाजेपर्यंत टिकलं. डाव्या हातात धरला, आणि काय सांगू, जेवणाआधी अख्खी उतरण मोकळी. खांदासुद्धा दुखला नाही. बरं वाटलं, त्याचीच लाज वाटते.
आई पेज घेऊन आली. माझा हात बघितला. वाडगा पडला. सांडलेल्या पेजेवरून मी तिच्यावर ओरडलो. जन्मात ओरडलो नव्हतो. "आई, मी गे," म्हणून जवळ गेलो तर ती मागे मागे सरत गेली.

१९, सोम.
कोयता कपाटात नाही. काल कुलूप लावायचं राहिलं, आईने लपवला. चांगलं केलं. आबांच्या वेळीही लपवायची, दर वेळी नवी जागा. ते शोधायचे नाहीत, उठून सरळ तिथेच जायचे. त्यांना कसं कळायचं हे मला लहानपणी कोडंच होतं.
आई मागीलदारी बसून आहे, माझ्याकडे बघत. मी काही विचारलेलं नाही.
भाताच्या कणगीत, तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळून. हे मला कुणी सांगितलेलं नाही. जाऊन बघितलेलंही नाही अजून.