शनिवारच्या कुस्तीआधी मेहुणेबुवांस

तीर्थस्वरूप मेहुणेबुवांस,

विंचवाचा बसल्या खुर्चीवरून नमस्कार. खरं तर साष्टांग घालायचा, पण मानेला पट्टा आहे आणि मी एकदा पालथा पडलो की मला सुलटा करायला दोन माणसं लागतात. घरात माणसं आहेत, पण त्यातली एक तुझी आई, आणि ती या कामाला आपण होऊन पुढे येईल असं मला वाटत नाही. तू खुशाल असशीलच. न्हाव्याच्या दुकानापासून बसथांब्यापर्यंत आपल्या शनिवारच्या कुस्तीची अकरा पोस्टर लागली आहेत आणि अकराच्या अकरा ठिकाणी ‘पोलाद’ या नावाखाली तू दंड फुगवून हसतो आहेस. (तुझ्या बगलेत जे काळंनिळं तोंड दिसतं ते माझं. न्हाव्याने त्यावर पेनने शिंगं काढली आहेत. परवा मी केस कापायला गेलो तेव्हा तो जरा ओशाळला, पण शिंगं पुसली नाहीत.)

दोन गल्ल्या सोडून राहतोस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे जाहीर कार्यक्रम असतो, आणि तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. भेटावं, तर मॅनेजरचा नियम आडवा येतो. ज्यांनी पोलाद आणि विंचवाला शनिवारी एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालताना पाहिलं, त्यांना ते रविवारी एका टेबलावर चहा पिताना दिसता कामा नयेत. म्हणून चौदा वर्षं तू माझा सख्खा मेहुणा असूनही मागच्या जिन्याने, डोक्यावर हेल्मेट घालून घरी येतोस. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना वाटतं की तू शेगडी दुरुस्त करणारा आहेस, आणि चौदा वर्षांत आमची शेगडी काही दुरुस्त झालेली नाही. हे पत्र तुझी बहीण आणून देईल. तिने फोडू नये म्हणून पाकिटावर ‘कुस्तीचा आराखडा’ असं लिहिलं आहे. तिला त्यात काडीचा रस नाही.

गादीच्या दुकानातला प्रकार आठवतो ना? तू तिथे होतास हे मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे मी दर वर्षी ती तुलाच सांगतो. तुझ्या आईच्या कंबरेसाठी कडक गादी घ्यायची होती, आणि मी निवडलेली गादी तिला आडवं होण्याआधीच टोचली असती, म्हणून तू बरोबर. दुपारची वेळ, दुकान रिकामं. आपण दोघं शेजारीशेजारी एका गादीवर उताणे पडून, छताकडे बघत, ही जरा जास्तच कडक आहे का यावर शांतपणे विचारविनिमय करत होतो, आणि एक आजीबाई आपल्या सुनेला घेऊन आत आल्या. आल्या त्या थबकल्याच. पोलाद आणि विंचू, एकाच गादीवर! तू मात्र प्रसंगावधानी. क्षणात माझा गळा धरलास. मीही मग तुझ्या पोटात गुडघा दिला, तू मला उचलून पलीकडच्या उशांच्या ढिगात फेकलंस, आणि आजीबाईंनी पुढे होऊन हातातली छत्री माझ्या पाठीत घातली. (एकोणीस वर्षांत मला बसलेला हा एकमेव खरा फटका.) दुकानदाराने दोन गाद्या आपल्या गळ्यात मारल्या, आणि तुझी आई अजून म्हणते की तिची मऊ आहे.

आजीबाईंना मी दोष देत नाही. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा हाच आपला धंदा. भाजीवाली मला निवडून निवडून पिचके टोमॅटो देते आणि वर सांगते की त्या खुर्चीबद्दल हे. मी मान खाली घालून पिशवी पुढे करतो. माझी मुलगी, म्हणजे तुझी भाची, कुस्तीच्या दिवशी आपल्या आजीच्या मांडीला मांडी लावून टीव्हीसमोर बसते आणि दोघी बेंबीच्या देठापासून ओरडतात, ‘मामा, मार त्याला!’ त्याला म्हणजे मला. मग मी घरी येतो तेव्हा हीच मुलगी गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभी असते आणि विचारते, ‘बाबा, आज कुठे दुखतंय?’ या दोन गोष्टींत तिला काही विसंगत वाटत नाही, आणि विचार केल्यावर मलाही वाटत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. (पोचेनच असं नाही.) तीन आठवड्यांपूर्वी मी घरातल्या बोळातला बल्ब बदलायला स्टुलावर चढलो आणि पडलो. कुणी ढकललं नव्हतं, हीच तर अडचण. आपल्याला पडायचं असतं तेव्हा आधी कळतं. हनुवटी छातीला लावायची, तळवे पसरून जमिनीवर आपटायचे, श्वास सोडून द्यायचा. इथे कसलीही सूचना नाही आणि दोन्ही हातांत बल्ब. मी बल्ब वाचवला. मान वाचली नाही. तोंडातून जो आवाज निघाला तो मी रिंगणात कधी काढलेला नव्हता, आणि तो ऐकून तुझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘हळू जरा, खालच्या बाई झोपल्यात.’ मुलगी धावत आली, पंचासारखी माझ्याशेजारी पालथी पडली, फरशीवर हात आपटत एक, दोन, तीन मोजलं आणि तुझ्या नावाने दोन्ही हात वर करून निघून गेली. तुझ्या आईने खुर्चीतूनच निकाल दिला, ‘माझा मुलगा आपटतो तेव्हा याहून बरे पडतात.’ मी तिथे वीस मिनिटं पडून होतो. त्या वेळात तुझी बहीण मला दोनदा ओलांडून वाळलेले कपडे घेऊन गेली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, ‘उठा आता, छान झालं.’ तिला तरी काय बोलायचं? लग्न झाल्यापासून तिने मला टीव्हीवर शेकडो वेळा मरताना पाहिलंय आणि नंतर घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवताना पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी एकटाच हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस, पण तुझा भक्त. माझ्या मानेचा फोटो उजेडावर धरून बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘पोलादचं काम दिसतंय.’ मी म्हटलं, बल्बचं. त्यांना ते पटलं नाही. मग जरा गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की मानेतला एक मणका सरकला आहे, आणि पुन्हा जोरात आपटलो तर पुढचं आयुष्य दुसऱ्याच्या हाताने जेवावं लागेल. कुस्ती बंद, आजपासून. मी मान हलवायला गेलो तर तीही हलवायची नाही म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘शनिवारी जिंकतंय कोण?’ घरी मी सांगितलं की मान लचकली आहे. डॉक्टर लोकांना असं बोलावंच लागतं, त्यामुळे तू मनाला लावून घेऊ नकोस.

पट्टा लावून बसलं की समोरच बघावं लागतं, आणि समोर भिंत आहे, त्यामुळे विचार फार होतात. एकोणीस वर्षांत मी सहाशेच्या वर कुस्त्या हरलो. फेकणारा हिरो ठरतो, पण फेकणं शिकायला तुला एक महिना लागला होता आणि पडणं मी अजून शिकतो आहे. लोक तुझ्या सह्या घेतात. माझ्याकडे कागद पुढे केला तो फक्त घरमालकाने. मला तुझा हेवा वाटला, हे एकदा लिहून टाकतो. पहिली पाच वर्षं सडकून वाटला. मग तू तुझी बहीण मला दिलीस, म्हणजे तिने स्वतःच ठरवलं, पण तुझ्या आईसमोर उभा राहिलास तो तू, आणि तेव्हापासून तू मला डोक्यावर उचललंस की मला वर एक विचित्र निवांतपणा वाटायचा. हा माणूस मला नीट खाली टाकणार, याची खात्री असलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

आपल्या धंद्याचा रिवाज तुला सांगायला नको. जाणाऱ्याने राहणाऱ्याच्या हातून पडून जायचं. न पडता गेलो तर लोक म्हणतील पोलादने विंचवाला शेवटी हरवलंच नाही, आणि तुला अजून चार-पाच वर्षं काढायची आहेत. तेव्हा शनिवारी मी येतो आहे. पट्टा कपडे बदलायच्या खोलीत काढून ठेवीन. मुलगी पहिल्यांदाच समोर बसून बघणार आहे, पुढच्या रांगेत, तुझ्या बाजूने. बाकी सर्व क्षेम. तुझं एकच काम आहे, त्यासाठीच हा प्रपंच: डॉक्टरांना तुझा सही केलेला फोटो हवा आहे, दंड दिसेलसा. तो तेवढा बहिणीबरोबर पाठव. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, असं लिहिणार होतो, पण ती इथेच बसली आहे आणि विचारते आहे की एवढं काय लिहिताय.

तुझा एकनिष्ठ शत्रू,
विंचू

ता. क. फोटोची घाई नाही. खरं काम वेगळं आहे. आराखड्यात शेवटी तू मला डोक्यावर उचलून रिंगणाला पुरी चक्कर मारतोस आणि मग टाकतोस. शनिवारी मला उचलू नकोस.

आणखी एक ता. क. नुसतं एवढंच लिहिलं तर तू ऐकणार नाहीस. ‘भाऊजी, अलगद ठेवतो, माझ्यावर सोडा’ म्हणशील. म्हणून जे कधी सांगणार नव्हतो ते सांगतो. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, तू मला उचललेलं नाहीस. मी उडी मारतो आणि वर गेल्यावर तुझ्या खांद्यावर हात रोवून निम्मं वजन स्वतःच पेलतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी वर गेलो तेव्हा तुझा चेहरा असा उजळला होता की मी पुढेही तसंच चालू ठेवलं. आता मला उडी मारता येत नाही. एकशे चार किलो पहिल्यांदाच खरे तुझ्यावर येतील, आणि मग आपल्या दोघांनाही उचलायला माणसं बोलवावी लागतील. रागावू नकोस. आधीची सतरा वर्षं तूच उचलत होतास.

शेवटचा ता. क. म्हणून असं कर. माझा हात धर, पाठीमागे पिरगाळ आणि धरून ठेव. मी गुडघ्यावर बसेन आणि दुसऱ्या हाताने जमीन थोपटून हार मानेन. विंचू आजवर सहाशे वेळा हरला, हार त्याने एकदाही मानलेली नाही, तेव्हा लोकांना काही कमी पडल्यासारखं वाटणार नाही. मॅनेजर ओरडेल, त्याला ओरडू दे. हात मात्र डावाच धर आणि हवा तेवढा पिरगाळ, गेल्या आठवड्यापासून त्याला काही कळत नाही. विव्हळायचं मी बघून घेईन. आणि हाताचं हे तुझ्या बहिणीला तूच सांग. मी एकदा सांगून पाहिलं. ती हसली, म्हणून मग मीही हसलो.