व्याह्यांची गाडी वाकून पाहिली

धुळे,
रविवार, १५ जून २०२५

ती. अक्का,

तुला आणि जीवराम दाजींना धाकट्या भावाचा नमस्कार. दाजींच्या छातीचे टाके आता भरले असतील. पथ्य पाळतात की नाही ते विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे. इकडे मी आणि तुझी भावजय ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून चालवून घेतो.

फोन का केला नाही म्हणशील. तुमच्याकडे दाजी फोन स्पीकरवर टाकतात आणि अख्खं घर ऐकतं. शिवाय तू मधेच बोलतेस. मी जन्मभर विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या बघितल्या आणि रिपोर्ट लिहिले, मला क्रमानं सांगायची सवय आहे. तेव्हा हे पत्रही तसंच वाच. आधी तू एकटीनं वाच, मग दाजींना काय आणि किती सांगायचं ते ठरव. तुझ्या भावजयीचा भाऊ उद्या जामनेरला निघालाय, तो वाटेत पहूरला उतरून पाकीट देईल. तुझ्याच हातात दे, असं बजावलंय.

तर गाडी. काल सकाळी देवपूरला दिपूच्या सासरी गेलो. दाजींनी निघताना फोनवर काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक आहेच. 'लीलाधर, नुसती नजर टाकून ये. व्याह्यांची वस्तू आहे, वाकून बघू नको, बरं दिसत नाही.' आपल्याकडे मुलीच्या सासरचा बैल घ्यायचा झाला तरी त्याचे दात कोणी मोजत नाही, हे मलाही कळतं. दाजींना दवाखान्यासाठी जळगावला बसनं हेलपाटे नकोत म्हणून गाडी हवी, आणि व्याही म्हणाले, आमची असताना बाहेर कशाला बघता. नाही म्हटलं तर दिपूला घरात ऐकून घ्यावं लागेल, म्हणून तुम्ही हो म्हणालात. मी गप्प बसून हो म्हणावं, एवढंच माझं काम होतं.

व्याही पंडितरावांनी स्वागत झकास केलं. गाडी धुऊन पुसून दारात उभी. 'बठ्ठं ओरिजिनल शे, मामा. डोया झाकीसन लई जा.' अक्का, जुनी गाडी विकणारा डोळे झाकायला सांगतो तेव्हा मी चष्मा पुसतो.

बॉनेटला हात लावला तर ते गरम. म्हणजे मी यायच्या आधीच कुणीतरी चालू करून ठेवली होती. जुन्या इंजिनाचं दुखणं थंड असताना कळतं, गरम झाल्यावर सगळीच इंजिनं शहाणी होतात. मी म्हटलं, चहा होऊ द्या, निवू द्या, आपल्याला घाई नाही. व्याह्यांना ते आवडलं नाही.

निवल्यावर चालू केली. मागून निळसर धूर आला, म्हणजे ऑइल खाते. ऑइलचं झाकण उघडलं, आत पांढरा साय धरल्यासारखा थर नव्हता, तेवढं बरं. क्लच अगदी वर आल्यावर पकडतो, तो संपत आलाय. मीटरवर किलोमीटर कमी, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. मीटर मागे फिरवता येतं, पाय मागे फिरवता येत नाहीत. हे सगळं मात्र खर्च केला की दुरुस्त होतं. इथवरच असतं तर मी दाजींना म्हटलं असतं, घ्या, सोयरीक सांभाळा.

पुढच्या डाव्या टायरची आतली कड तेवढी झिजली होती. म्हणून मी वाकलो.

'मामा, सोयऱ्याची गाडी कोणी वाकून बघतं का?' पंडितराव हसत म्हणाले, पण आवाजात हसू नव्हतं. मी म्हटलं, 'पंडितराव, सोन्याची सुरी असली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?' आणि खाली गेलो. गुडघे बोंबलले.

डाव्या बाजूची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, नव्यानं जोडून वर काळा रंग मारलाय. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा. पुढची काच बाकीच्या काचांपेक्षा बरीच नवी. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा क्षणभर पेटून विझायला हवा, तो पेटतच नाही, कुणीतरी मुद्दाम काढलाय. ही गाडी समोरून जोरात धडकली आहे. मी विचारलं, तर म्हणाले, किरकोळ, गेटला घासली होती. जावई भूपेंद्र ओट्यावर बसून मोबाईल बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता नीट वाच. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटचा पट्टा ओढला. तो अर्धवट बाहेर येऊन अडकलेला, मागे जात नाही, पुढे येत नाही. कापडाची एक कड फाटून तंतू निघालेत. पट्टा असा होतो तो एकाच वेळी, गाडी धडकते आणि त्या पट्ट्यात माणूस असतो तेव्हा. मी विचारलं, 'इथे कोण बसलं होतं?' पंडितराव म्हणाले, 'कोणीच नाही.'

तेवढ्यात दिपू दुसऱ्यांदा चहा घेऊन आली. तिघांचा चहा होता, अक्का, आणि पोरीनं एकेक कप आणला. ट्रे नाही. दर वेळी उजव्या हातात एक कप, आत जायचं, पुन्हा एक. डावा हात पोटाशी धरलेला. धुरपदाबाई आतून म्हणत होत्या, 'सूनबाईला हल्ली आळस चढलाय.'

शेजारच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. तिथे दिपू बसली होती. मला राग आला. असा राग मला नोकरीत कधी आला नाही, तिथे गाड्या परक्यांच्या असायच्या.

यंदा आखाजीच्या सणाला दिपू आली नाही. तू झोका बांधून वाट बघितलीस, शेजारच्या पोरी माहेरी आल्या, आणि तुला सांगितलं गेलं, सासूला बरं नाही. तू धुरपदाबाईंच्या तब्येतीसाठी पपई पाठवलीस. अगं, त्या टुणटुणीत होत्या.

मी उठलो आणि म्हटलं, ट्रायल घ्यावी लागेल. भूपेंद्र चपला घालायला लागले. मी म्हटलं, 'तुम्ही नको. मालक शेजारी असला की गाडीचा आवाज ऐकू येत नाही, मालकाचाच येतो. दिपूला नेतो, तिच्या मामीला पाच मिनिटं भेटवतो.' मामाला कोणी नाही म्हणत नाही. आपल्या लोकांच्या मानपानाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला.

मागच्या सीटवर बसवलं. सावकाश चालवत होतो, तरी खड्डा आला की ती 'मामा, हळू' म्हणायची. चौक ओलांडल्यावर मी विचारलं, 'कुठे धडकली?'

'सोनगीरच्या पुढे. उभ्या ट्रकला.'

'भूपेंद्र प्यायले होते?'

ती म्हणाली, 'तुम्हाला कसं कळलं?'

इतकी मोडलेली गाडी, आणि कागदांत विम्याचा क्लेम नाही. एवढे पैसे सोडून द्यायला माणसाकडे एकच कारण असतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की विचार करावा लागला नाही. पोलीस नको, मोठा दवाखाना नको, म्हणून पोरीला हाड बसवणाऱ्याकडे नेलं आणि घरी आणून भाकरी थापायला लावली, हे तिनंच सांगितलं. मी म्हटलं, 'दिपू, आईला का नाही सांगितलंस?'

'बाबांचं ऑपरेशन ठरत होतं, मामा. नंतर सांगू म्हटलं. नंतर मग हे म्हणाले, गाडी तुझ्या बापालाच देऊ. मला रोज वाटायचं, बाबा हिच्यात बसतील आणि वाटेत काही होईल. आणि मी बोलले तर...' पुढे ती रडली. मी गाडी बाजूला घेतली आणि तिचं होईस्तोवर थांबलो.

ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. खांद्याचं हाड वाकडं जुळलंय. पुन्हा मोडून बसवावं लागेल का, ते पुढच्या तपासणीत सांगतील. जिवाला धोका नाही. हे आधी लिहायला हवं होतं का? असेल. पण तू मग बाकीचं वाचलं नसतंस.

डॉक्टरांकडून घरी आलो. तुझ्या भावजयीनं तिला मऊ खिचडी दिली, ती जेवली, झोपली. संध्याकाळी मी गाडी देवपूरला नेऊन चावी पंडितरावांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, 'सूनबाई कुठे?' मी म्हटलं, 'ट्रायलमध्ये गाडी नापास झाली. दिपू माझ्याकडे आहे.' भूपेंद्र तावातावानं उठले. मी त्यांना म्हटलं, 'जावईबापू, गाडीचे फोटो काढून झालेत.' ते बसले.

आता तुझं काम. दाजींना हळूहळू सांग, जेवण झाल्यावर, एकदम नको. मग ये. व्याह्यांसाठी केळीची फणी, पापड, कुरडया काही आणू नकोस. त्यांच्याकडे जायचंच नाहीये. दिपूचे दोन जुने ड्रेस कपाटात असतील तर आण, अंगावरच्या साडीवर आलीय ती. पुढे नांदायचं की नाही ते तिनं ठरवायचं. तिला विचारलं तर म्हणते, आधी आई येऊ दे. लोक काय म्हणतील, हे तू मला विचारू नकोस. लोक बॉनेट उघडून बघत नाहीत.

माझ्या रिपोर्टवर खाली गाडीत असलेल्या माणसाची सही घ्यायचा नियम होता. मी हे सगळं दिपूला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी रडली, एका ठिकाणी हसली. सही कर म्हटलं, तर पेन घेऊन म्हणाली, आधी आईला एक ओळ लिहिते.

तुझा भाऊ,
लीलाधर

मामांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, आई.
दिपमाला जीवराम