क्लॅपच्या आधीचा आवाज

पप्पा,

मी काय काम करते ते तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते. मोठेपणी काय होणार असं तेव्हा कुणी विचारलं की मी ‘बँकेत’ म्हणायचे, कारण शेजारच्या ताई बँकेत होत्या आणि आईला त्यांच्या साड्या आवडायच्या. आता मी मालाडला एका ऑफिसात प्रोग्राम लिहिते. पेपरात बातमी येईल असे नाहीत, रोजचेच. एका फाइलमधल्या ओळी वाचायच्या, त्यांचे तुकडे करायचे, नको ते टाकायचं, हवं ते क्रमाने लावून दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचं. कुणी तारीख उलटी लिहिलेली असते ती सुलटी करायची. कुणाच्या आडनावामागे रिकामी जागा राहिलेली असते ती काढायची. ज्या भाषेत लिहिते तिचं नाव रस्ट. आईला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “गंज? नोकरी पक्की आहे ना गं?”

या भाषेत लिहिलेलं लगेच चालत नाही. आधी कंपायलर नावाचा एक प्रोग्राम ते सगळं वाचतो आणि पटलं तरच यंत्राला कळेल अशा रूपात उतरवतो. नाही पटलं तर त्या ओळीखाली खूण करून सांगतो, ही वस्तू तू वरच्या ओळीत दुसऱ्याला देऊन टाकली आहेस, आता इथे कशी वापरतेस? नवीन मुलं त्याच्यावर चिडतात. मला तो आवडतो. तो टोमणे मारत नाही, आवाज चढवत नाही, आणि माझं बरोबर असेल तर उगाच कौतुकही करत नाही. गप्प राहतो. अशा माणसाबरोबर मी दिवसभर सुखाने बसू शकते.

तुमचं काम मी एकदाच पाहिलं. मी तिसरीत आहे, शाळेला सुट्टी आहे, आईला गावाला जावं लागलंय, म्हणून तुम्ही मला गोरेगावच्या सेटवर घेऊन आला आहात. प्लायवुडचं स्वयंपाकघर आहे, त्यातल्या शेगडीला गॅसची नळीच नाही, याचं मला फार आश्चर्य वाटतंय. तुम्ही बूम नावाच्या लांब काठीच्या टोकाला माइक लावून ती डोक्यावर आडवी धरून उभे आहात. समोरच्या बाई रडायच्या तयारीत आहेत आणि तुम्ही डावा हात वर करता. दिग्दर्शक म्हणतो, “आता काय झालं?” तुम्ही म्हणता, “कायतरी टिकटिकतंय.” पंखे बंदच असतात, तरी पुन्हा बघतात. बाईंच्या बांगड्या तपासतात. शेवटी माझ्या पाण्याच्या बाटलीच्या पट्ट्याची कडी सापडते, जी मी खुर्चीत बसून पाय हलवताना वाजवत होते. तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात म्हणालात, “हातातला सगळा भायर ठेव गो, आणि मगे आत ये.” मी रडले नाही. बाटली दाराबाहेर ठेवली आणि आत येऊन बसले. तुम्ही मान हलवलीत आणि काम पुढे सुरू झालं.

त्याच वर्षी तुम्ही मला कंपनीने टाकून दिलेले हेडफोन आणून दिलेत. कानावरचा स्पंज फाटला होता, तिथे आईने जुन्या ब्लाउजचं कापड शिवलं. ते लावायला घरात काहीच नव्हतं. मी वायर तशीच लोंबकळत ठेवून ते कानावर घालून बसायचे. शेजाऱ्यांचा मिक्सर, जिन्यातली भांडणं, सगळं लांब जायचं. अजूनही मला काम करताना गाणी लागत नाहीत.

हे सगळं आठवतं. तुमचा आवाज आठवत नव्हता. इतक्या लोकांचे आवाज तुम्ही पकडलेत आणि तुमचा एकही घरात नव्हता. मोबाइल आला तो तुम्ही गेल्यावर. लग्नाची कॅसेट आहे, पण त्या शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी घातली आहेत. त्यावर तुम्ही म्हणायचात, सगळ्यांची तोंडं हलतायत आणि आवाज कुणाचाच नाही. तुम्ही हे म्हणायचात ते मला शब्दांनी माहीत आहे, लिहून ठेवल्यासारखं. ते ऐकू येत नव्हतं.

अलीकडे आमच्याकडे गोरेगावच्या एका जुन्या निर्मिती कंपनीचं काम आलं. त्यांच्या टेलिफिल्मच्या आवाजाच्या दोन खोके भरून टेपा कुणीतरी कम्प्युटरवर उतरवल्या होत्या. प्रत्येक टेप म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब फाइल, त्यात सगळे टेक एकामागे एक. माझ्या प्रोग्रामने प्रत्येक क्लॅप, म्हणजे टेक सुरू होताना पाटी आपटतात तो आवाज, शोधायचा, तिथून टेक कापून वेगळा ठेवायचा आणि क्लॅपच्या आधीची खुर्च्यांची सरकवासरकव, खोकले, हाका टाकून द्यायच्या. काम पोचलं की आमच्याकडची मूळ प्रतही पुसायची, असं ठरलेलं होतं. कंपनीचं नाव मला ओळखीचं वाटलं नाही. तुम्ही घरी नुसतं ‘कंपनी’ म्हणायचात.

पहिल्या खोक्यातल्या टेपा नीट झाल्या. दुसऱ्या खोक्यावर आमची टेस्टर माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ती घाटकोपरची आहे आणि तिला माझी चूक सापडली की दिवस चांगला जातो.

“अगं ए, तुझा प्रोग्राम झोपला.”

“कुठे?”

“मस्त चालला होता, मध्येच पाय पसरले. ओव्हरफ्लो म्हणतोय. रस्टमध्ये असं होत नाही म्हणून कॉलर ताठ करून फिरत होतीस ना?”

“होत नाही असं म्हटलं नव्हतं. आम्ही तपासणी चालू ठेवतो, त्यामुळे गुपचूप होत नाही, असं म्हटलं होतं.”

“हो गं बाई, वकील.”

चूक माझीच होती आणि छान होती. आवाज म्हणजे आकड्यांची रांग, काही शून्याच्या वर, काही खाली. आवाज किती मोठा आहे एवढंच बघायचं असेल तर खालच्या आकड्याचं उणे चिन्ह काढून टाकायचं. पण आम्ही वापरतो त्या मापाच्या आकड्यांत अगदी तळाला एक आकडा असा आहे, उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट, की त्याला वर जोडीदारच नाही. वरची रांग एक आकडा आधी संपते. त्याचं चिन्ह काढायला गेलं की उत्तर मावत नाही, आणि प्रोग्राम खोटं उत्तर देण्यापेक्षा थांबतो. उपाय एका शब्दाचा होता: उत्तर अशा मापात घ्यायचं ज्याला खालची बाजूच नाही. मी तो शब्द बदलला. मग इतक्या तळाला जाणारा आवाज नेमका कसला, हे बघायला ती जागा ऐकली.

ठक, ठक. नखाने माइकवर मारलेल्या दोन टिचक्या. मग एक पुरुषी आवाज, “गप रवा रे जरा. बूम रेडी.” मग क्लॅप.

टेकच्या आधी तुम्ही अशा टिचक्या मारायचात आणि हेडफोन लावून बसलेला रेकॉर्डिस्ट दर वेळी कळवळायचा, हे मी त्या दिवशी सेटवर पाहिलं होतं. मी हेडफोन काढले. पाणी प्यायले. तो तळाचा आकडा दिला तर उत्तर काय यायला हवं याची एक चाचणी लिहिली आणि ती पास होईपर्यंत दुसरं काही केलं नाही. मग पुन्हा ऐकलं. त्या खोक्यात तुम्ही बऱ्याच ठिकाणी होतात. “ताई, बांगड्या काढा.” “चप्पल कोणाची वाजतेय?” “चहात साखर कमी सांगा.” सगळं क्लॅपच्या आधी, म्हणजे सगळं टाकून द्यायच्या भागात.

ते काढून घेणं हे माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम होतं आणि कुणाला कळलं नसतं. पण तो माल माझा नव्हता. आमच्या टीमच्या लीडला विचारलं तर तो म्हणाला, “क्लायंटला विचार, माझ्याकडे काय बघतेस?” ऑफिसात माझ्या घरचं कुणाला काही माहीत नाही आणि मला ते तसंच बरं वाटतं. त्यामुळे जिन्यात जाऊन फोन केला. गोरेगावच्या मॅडम तुमच्या वेळी तिथे सहायक होत्या.

“बूमवाला? मालवणी? अरे देवा. तो माणूस पालीला पण गप्प बसवायचा. तू कोण त्याची?”

“मुलगी.”

“कोणती, बाटलीवाली?”

मी हो म्हटलं. त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “घेऊन जा ते, कचऱ्यातच जाणार होतं,” त्या म्हणाल्या. “फक्त त्याचंच ने हं. बाकी आम्ही काय काय बोललो ते नको.”

संध्याकाळी बोरिवलीला घरी आले तेव्हा आई ओट्याशी भाकरी थापत होती. मी काही न सांगता फोन डब्यांजवळ ठेवला आणि लावला. तिचा हात थांबला नाही.

“कोण हा?”

“पप्पा.”

“नाय.”

“अगं, पप्पाच. गप रवा म्हणतायत बघ.”

“शब्द त्यांचेच. आवाज नाय. एवढे थांबून बोलले असते तर मला त्यांचं अर्धं तरी बोलणं कळलं असतं.”

मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, माणूस विसरतो. तिने भाकरी उलटली. “तू विसरली असशील,” ती म्हणाली. आम्ही जेवलो. मी तिला समजावू शकले असते की स्मरणशक्ती आवाज टिकवत नाही वगैरे, पण मला स्वतःलाच आता खात्री नव्हती. मॅडमना माणूस आठवला होता, टेपवरचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि गोरेगावात मालवणी बूमवाला एकच असेल असं थोडंच आहे? हातात आलेली गोष्ट पुन्हा गेली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जागेवर बसताना तिचं वाक्य नीट कळलं. तिने काय चुकतंय ते सांगितलं होतं, मी ते भांडण म्हणून ऐकलं होतं. आवाज थांबून थांबून येत होता. मी पुन्हा लावला आणि या वेळी फक्त तेवढंच ऐकलं. संथ होता, आणि जाडही होता. दोन्ही एकदम असलं की कारण सहसा एकच असतं. एका सेकंदात किती आकडे वाजवायचे हे त्या फाइलींत लिहिलेलं नव्हतं, ते मी सांगत होते. पहिल्या खोक्यासाठी चव्वेचाळीस हजार शंभर बरोबर होतं, तेच मी दुसऱ्यालाही लावलं. दुसरा खोका अठ्ठेचाळीस हजारांचा होता. कंपायलरला यात काही वावगं दिसणं शक्य नव्हतं. त्याच्या लेखी दोन्ही आकडेच, आणि दोन्ही नीट मावणारे.

म्हणजे फक्त तुम्हीच नाही, त्या खोक्यातला प्रत्येक माणूस मी संथ करून ठेवला होता आणि तो तसाच गोरेगावला जाणार होता. मी लीडला सांगितलं. टेस्टर म्हणाली, “म्हणजे सगळे झोपेत बोलत नव्हते? मला वाटलं आर्ट फिल्म आहे.” मी आकडा बदलला. नुसता बदलून भागलं नाही, त्याला स्वतःचा वेगळा प्रकार दिला. आता टेपचा वेग वेगळा सांगितल्याशिवाय पुढचं कंपाइलच होत नाही. दुसरा खोका पुन्हा सगळा काढला. काम वेळेत गेलं. मॅडमनी एका ओळीत ‘झकास’ एवढं कळवलं.

घरी परत लावलं तेव्हा आई खुर्ची ओढून बसली. तुम्ही भरभर, पातळ, जरा नाकातून म्हणालात, गप रवा रे जरा. ती म्हणाली, “हां.” मग फोनकडे बघून म्हणाली, “सोता कधी गप रवले?” आणि मला म्हणाली, “बांगड्यांचं लाव.” तेव्हापासून रोज संध्याकाळी ती एखादा तुकडा लावायला सांगते आणि तुम्हाला उत्तर देते. साखरेवरून तुमचं तिचं अजून मिटलेलं नाही.

मी बरी आहे, पप्पा. काम आवडतं, आई ठीक आहे. हे पत्र मी फाइलमध्येच ठेवणार आहे, जाणार कुठे. फक्त एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, तिला सांगणारही नाही. तुमचा खरा आवाज ऐकला तेव्हा मला तो परका वाटला. अजून शिकतेच आहे, हल्ली ओळखू यायला लागलाय. पण त्या पहिल्या दुपारी, ऑफिसात, तो जाड, संथ, चुकीचा आवाज कानात पडला तेव्हा मला क्षणभरही शंका आली नव्हती. आजूबाजूला माणसं बसली होती, आणि मी त्याला ओ दिली होती.