वर बघून बोल

३ मार्च, सोमवार

चोर! माझ्या मुलीला चोर म्हणतात!

शिवणाच्या दुकानातलं काम अर्धवट टाकून शाळेत धावावं लागलं. एका पँटची दुमड तशीच टाचण्यांवर राहिली. खेळाच्या तासाचं स्टॉपवॉच हरवलंय. बाईंनी वर्गात एकेकीला उभं करून विचारलं. आमच्या भिंगरीनं म्हणे मान खाली घातली. झालं! तेवढ्यावर निकाल— "मनात काही नसेल तर पोर वर बघून बोलते."

अहो, नऊ वर्षांची आहे ती! मोठं माणूस रागावलं की मान खाली घालायची, हे मीच शिकवलंय तिला. आम्ही लहानपणी वडिलांच्या, अप्पांच्या डोळ्याला डोळा भिडवला असता, तर ती चोरीपेक्षा मोठी आगळीक झाली असती. पण हे इथल्या भाषेत मला धड सांगता येईना. अंगाचा नुसता तिळपापड!

४ मार्च

नवरा म्हणतो, "त्यांचा देश, त्यांची रीत. कशाला डोक्यात राख घालून घेतेस?"

का नको घालू? शुक्रवारी मोठ्या बाईंसमोर चौकशी आहे. तिथंही मान खाली गेली तर शाळेतून नाव काढतील. चोर सोडून संन्याशाला फाशी!

५ मार्च

जेवणं झाल्यावर भिंगरीला समोर बसवलं. "माझ्या डोळ्यांत बघ आणि म्हण, मी नाही घेतलं." दोन शब्द झाले की नजर जमिनीवर. मग हसू. मग रडू. शेवटी मी ओरडले, "बघ म्हणते ना!"

आपणच लावलेलं वळण आपल्याच हातानं मोडायचं. कुणासाठी, तर त्या बाईसाठी! दुकानातली मालकीणही तसलीच. सूचना देते आणि वर विचारते, "भिंतीशी बोलतेय का मी?" अगं बये, मान देतेय तुला! कळत नसेल तर विचार की!

६ मार्च

जमलं. सलग तीनदा.

७ मार्च, शुक्रवार

जिंकलो!!

काय ताठ उभी राहिली माझी पोर! मोठ्या बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून, पापणी न लववता— "मी नाही घेतलं." वर्गाच्या बाई म्हणाल्या, "माझी चूक झाली."

मीही मग सोडलं नाही. मोडकंतोडकं का होईना, सुनावलंच. तुमच्यात नजर वर म्हणजे खरेपणा, आमच्यात नजर खाली म्हणजे आदर. आधी विचारत जा, मग पोरींना चोर ठरवा! बाईंनी हात पुढे केला. मी घेतला नाही. राहू दे तसाच! भिंगरीला घेऊन तरातरा बाहेर पडले.

९ मार्च, रविवार

धुवायला काढलेल्या उशीच्या अभ्र्यात काहीतरी पीं पीं वाजलं. स्टॉपवॉच.

भिंगरी दारातच होती. "तूच म्हणालीस ना आई, डोळ्यांत बघून म्हण? मी म्हटलं."

उद्या सकाळी बाईंसमोर उभं राहायचंय. कुठे बघून बोलू मी?