मला साडी, जावयाला विमान

आप्पा, तुमचं मिग, ते छोटं प्लास्टिकचं विमान, माझ्या शिवणाच्या टेबलावर आहे आणि कॉकपिटवरची काच सोडवून बशीत ठेवली आहे. मी सोडवली, तुमच्या जावयांनी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता, जावईबापूंनी काच कशी काढली, ओरखडा तर नाही उठला. नाही उठला. सरकारी दवाखान्यात तान्ह्या लेकरांच्या शिरा शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. जुन्या गोंदाखाली ब्लेडचं टोक सरकवणं मला काही जड नाही. माझ्या हाताची गोष्ट आपल्या घरात कधी निघालीच नाही, म्हणून आता मीच काढते आहे.

ह्यांचे हात मागच्या दिवाळीपासून थरथरतात. काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणतात, वयानं होतं काहींना, एका गोळीनं नाही तर दुसरीनं कमी येईल. चहाचा कप बशीत वाजतो, सही वाकडी येते. पण ह्यांना दुःख कपाचं नाही आणि सहीचंही नाही, चिमट्याचं आहे. कितीतरी वर्षं शोधत होते ती सीट शेवटी परदेशातून आली, तुम्ही ज्या मिगवर काम केलंत अगदी त्याच मिगची, आणि ती हातात धरून बसवायची वेळ आली तर बोटं ऐकेनात. दोनदा खाली पाडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू लाव. मी सांगतो तसं.” तेव्हापासून रोज दुपारी मी टेबलाशी आणि हे खुर्चीत, चष्मा कपाळावर, हुकूम सोडत. मला हे विमान माझ्या हातानं पुरं करायचं आहे आप्पा, शेवटच्या तुकड्यापर्यंत. त्यात प्रेम किती आणि मत्सर किती, हे विचारू नका. मी ह्यांच्यावर जळते. नातवंडं झाली तरी जळते, आणि तुमच्यामुळे जळते.

हवाई दलातली नोकरी संपवून तुम्ही धारूरला आलात, बाजाराच्या रस्त्याला मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलंत आणि गप्प झालात. गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोलायचात, मायशी जेवणापुरतं, माझ्याशी तेवढंही नाही. ट्रंकेत एक खोका होता, नोकरी सोडताना कुणा साहेबांनी दिलेला. त्यात प्लास्टिकचे तुकडे होते, जोडले की मिग होणारे, खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान. पावसाळ्यात शेतातल्या मोटारी बंद असतात, दुकान ओस पडतं. तशा एका पावसाळ्यात तुम्ही तो खोका उघडलात. मी अंबाजोगाईहून नर्सिंगच्या सुट्टीत घरी आलेली. तुम्ही स्टुलावर बसता, मी शेजारी पोत्यावर. तुम्ही हात पुढे करता, मी चिमटा देते. वाइंडिंगची बारीक तांब्याची तार तुम्ही चाकांच्या खोबणीत नळ्या म्हणून वळवून बसवता, आणि खोक्यात नव्हतं ते विमानात दिसायला लागतं. मग एक दिवस नाकावरची लांब नळी कापतानाच मोडली, ती विमानाचा वेग मोजणारी, तुम्ही तिला पिटो म्हणायचात. तुम्ही चिडून विमानाकडे पाठ करून बसलात, जेवायलाही उठला नाहीत. मी माझ्या पेटीतली इंजेक्शनची जुनी सुई काढली, तिचं टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट केलं आणि तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही ती उजेडात धरली, नाकाला छिद्र पाडलं, बसवली. “जमलं,” म्हणालात. एवढंच. त्या एका शब्दावर मी पुढचं वर्ष काढलं.

मग माझं लग्न झालं. हे कडा गावचे, तिथल्या साखर कारखान्यात स्टोअरला. सुटे भाग म्हणजे ह्यांचा जीव. कुठल्या कप्प्यात कुठला बोल्ट, झोपेतून उठवून विचारावं. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला, म्हणून तुम्ही लेक-जावयाला जेवायला बोलावलंत. पाय धुऊन हे आत आले आणि फडताळावरच्या विमानाकडे बघत म्हणाले, “आप्पा, ह्याची सीट अशी चपटी कावून हाय?” बस. तुमची कळी खुलली. “जावईबापू, ती सीट नुसती बसायची न्हाई, उडायची हाय! खाली दारूचा बार असतो. इमान जमिनीवर आसलं की आमी तिच्यात पिना घालून ठेवायचो. येक पिन इसरली तर मानूस छताला!” हात वर करून तुम्ही माणूस कसा छताला लागतो तेही दाखवलंत. मी आणि माय स्वयंपाकघरात धोंडे वळत होतो. मायचे हात थांबले. “ह्ये येवढं बोलत्यात?” ती मला म्हणाली. “माज्याशी तर मीठ कमी हाय, येवढंच बोलत्यात.” ती हसली. मी नाही हसले. मी त्या विमानाशेजारी पोत्यावर बसून काढलेल्या दुपारी आठवत होते, आणि सीट चपटी का हे आपल्याला विचारायला का सुचलं नाही म्हणून स्वतःवरच चिडत होते.

त्यानंतर हे कामाला पुण्याला गेले की तुमच्यासाठी एखादं पाकीट यायचं. पितळेचा कागदासारखा पत्रा, त्यात कोरलेले सीटचे पट्टे, बकलं, जाळ्या, कॉकपिटमधली घड्याळं. रेझिनची सीट. मूळ खोक्यावाल्यानं जे धड केलेलं नसतं ते दुसरंच कुणीतरी नीट करून विकतं, हे मला तेव्हा कळलं. सीट बघून तुम्ही म्हणालात, “ही आमच्या इमानाची न्हाई, पुढच्या मॉडेलची हाय. पर चालतंय.” हे वाक्य तुम्ही विसरलात, ह्यांनी मनाला लावून घेतलं. आणि एका पाकिटात निघाली धातूची पिटो, लेथवर काढलेली, पुढे निमुळती होत गेलेली, बाजूला इवलीशी पाती. तुम्ही उठलात, पक्कड घेतलीत आणि माझी सुई उपटलीत. मी दारात उभी होते. “इतके दिवस चांगली होती की,” म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “जाड दिसती, बाई. खऱ्याला आसं न्हाई.” आणि सुई माझ्या तळहातावर ठेवलीत, कुणाची तरी राहिलेली वस्तू परत करावी तशी. मी ती शिवणाच्या डब्यात टाकली. त्या दिवशी मी जेवताना कुणाशी बोलले नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तुम्ही दोघं विमानाचं नाक बघत जेवत होतात.

त्याच्या पुढच्या धोंड्याला तर कहर झाला. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा मांडून जावयाला वाण द्यायचं होतं. अनारशासारखं जाळीदार काहीतरी द्यावं असा आपल्याकडचा रिवाज. माय दिवा लावायला वाकली तर ताटात अनारशांच्या मधोमध विमान! “आवं, ह्ये काय?” “ह्येबी जाळीदारच हाय की,” तुम्ही म्हणालात आणि त्याच्या पितळी जाळीवर बोट ठेवलंत. सगळे हसले. ह्यांचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. माझी ओटी भरली आणि साडी दिली, हिरवी, जरीकाठाची, चांगली होती. मला साडी, जावयाला विमान. रात्री मी मायपाशी कुरकुरले तर ती म्हणाली, “येकाच घरात चाललंय की गं दोन्ही.” मायला सगळ्या जन्मात साड्याच मिळाल्या होत्या, तिला फरक कळायचा नाही. वाण जावयाचं असतं आप्पा. माझ्या घरातल्या कपाटात इतकी वर्षं ते विमान आहे, त्यावरची धूळ मी पुसते, आणि तरी आल्यागेल्याला दाखवताना हे “माझं” म्हणतात. खोटं नाही बोलत ते.

तुमच्या शेवटच्या आजारपणात सलाईनची सुई मीच लावायचे, दुसऱ्या कुणाला तुमची शीर सापडत नव्हती. एका सकाळी मी तुमचा हात धरला तर म्हणालात, “बारीक लाव, बाई.” दुखत होतं म्हणून म्हणालात की त्या पिटोची आठवण होऊन माझी चेष्टा केलीत, मला अजून कळलेलं नाही. तेव्हा तुमच्या तोंडाकडे नीट बघितलं असतं तर कळलं असतं, पण मी शीर बघत होते. शीर पहिल्या फटक्यात मिळाली. तुम्ही ‘जमलं’ म्हणाला नाहीत. विचारलंत, “जावईबापू कवा येत्यात?” हे कड्याहून आले, तुम्ही उशीला टेकून उठून बसलात आणि चाकांच्या दारांना आतून कोणता रंग असतो त्यावर बोलत राहिलात. मला म्हणालात, पाणी आण.

आता तेच सगळं बोलणं मला ऐकायला मिळतंय, पण ह्यांच्या तोंडून. मी पट्टा बकलात ओवते आणि हे खुर्चीतून सांगतात, आप्पा म्हणायचे थंडीत पंखावर बर्फ साचायचं, आप्पा म्हणायचे पिटोला लाल कापडाची टोपी घालायचो. परवा म्हणाले, तुम्ही पहिल्यांदा कॉकपिटमध्ये बसलात तेव्हा दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, कशाला धक्का लागेल या भीतीनं, आणि उतरल्यावर घामानं शर्ट भिजला होता. मी चिमटा खाली ठेवला. माझ्या बापाला भीती वाटायची, हे मला नवऱ्याकडून कळावं? “तुला म्हाईत नव्हतं?” ह्यांनी सहज विचारलं. मी म्हटलं, “म्हाईत होतं.” तुमचं बोलणं मला उष्टं मिळतंय आप्पा, आणि मी ते खाते आहे. काल तर मीच विचारलं, मग पुढं काय म्हणाले?

एक दिवस हे दाढीला गेले तेव्हा मी शिवणाच्या डब्यातून ती सुई काढली. अजून होती, बटणांच्या खाली. तीच परत नाकावर बसवायची, हे मनाशी ठरवलंच होतं. ह्यांची धातूची पिटो अलगद हलवून काढली तर कळलं, आतलं छिद्र माझ्या सुईच्या मापाचं, ही त्याला सैल. म्हणून तुम्ही वाइंडिंगची तार गुंडाळून ती दाटून बसवली होती. सुई मात्र छिद्रात नीट जाऊन बसली. मी मागे सरकले, टेबलाच्या उंचीला डोळे आणले, एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या. खिडकी उघडून उजेडात बघितलं. जाड दिसते, आप्पा. इथून तिथून एकसारखी, नाकात काडी खुपसल्यासारखी. मी बराच वेळ तिच्या बाजूनं काही सापडतंय का ते शोधलं. मग काढली, नवी तार गुंडाळून धातूची परत बसवली. हे आले, चष्मा लावून बघत राहिले. “पिटो आज सरळ दिसती. आधी जरा डावीकडं कलती होती. आप्पांनी बसवलेली, म्हणून मी कधी बोललो न्हाई.” मी म्हटलं, धूळ पुसली. पण आप्पा, मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगीच पाण्याचा हंडा घासला. तुमचं वाकडं मी सरळ केलं होतं, आणि ते ह्यांनी पाहिलं होतं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, धाडायला पत्ताही नाही. सुईबरोबर डब्यात ठेवीन, बटणांच्या खाली. तेव्हा राहिलेलं एक सांगते. सीट परवा दुपारी बसवली. दोन ट्यूब मिसळून करायचा गोंद, त्याला एक रात्र लागते. आता फक्त काच लावायची राहिली आहे, ती लागली की विमान पुरं. आणि डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी ह्यांना लागू पडली आहे. आज सकाळी कप बशीत वाजला नाही. मी ओट्याशी उभी होते, वाजेल म्हणून वाट बघत होते, आणि तो वाजला नाही. मला बरं वाटलं, बायको आहे मी. मग ह्यांनी दोन्ही हात पुढे धरून बघितले, हसले आणि म्हणाले, “आण तो चिमटा. काच मी लावतो. आप्पांना आवडलं आसतं.” मी म्हटलं, थांबा जरा, सीटचा गोंद अजून ओला हाय. ह्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. गोंद कालच वाळला होता, आप्पा.