चौथी तार

९ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा! सामान उतरलं, आणि नव्या घरात गेल्यावर खायच्या असतात म्हणून काळ्या रश्श्यातल्या शेवया टेम्पोवाल्यासोबत मीही ओरपल्या. सत्तावीस वर्षं शेवयांच्या कारखान्यात काढली तरी अजून वीट आलेला नाही, हे विशेष.

घर झकास आहे. तीन खोल्या, अंगणात पर्सिमनचं झाड, आणि आतल्या खोलीची जमीन खालून तापणारी. मालक म्हणाला, एके काळी सोलगोल गावातली सगळ्यात गोड तांदळाची दारू या खोलीत मुरायची. मी घर भाड्यानं घेतलं ते याच एका वाक्यासाठी.

चोवीस मार्चला इन्हेचं, माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध. आमच्याकडच्या प्रत्येक श्राद्धाला माकगली, म्हणजे हीच तांदळाची दारू, तिच्या हातची असायची. दुकानातली बाटली तिच्यापुढे ठेवली तर फोटोतून उठून जाईल ती. तिनं स्वतः लावलेल्या नुरुकच्या, म्हणजे गव्हाच्या आंबवणाच्या, तीन वड्या उरल्या आहेत. तीन वड्या, तीन माठ. त्यातून एक तरी साधायलाच हवा, कारण चौथी वडी आता जगात कुणी करणार नाही.

इन्हे माठाला कान लावायची आणि आतल्या बुडबुड्यांवरून ठरवायची. माझे कान यंत्रांनी खाल्लेले. पण कारखान्यात मी नियंत्रण-पॅनेलवर होतो. तापमान हा माझा प्रांत. एक चांगला स्वयंचलित नियंत्रक घेतला की माठ पंचवीस अंशांवर आणि मी निर्धास्त. नोंदींसाठी ही वही, आणि सवयीनं पेन्सिल दोऱ्यानं गळ्यात.

शेजारची बोंग्ये आजी मुळ्याची किमची घेऊन आली. वय त्र्याऐंशी. दहा मिनिटांत तिनं माझा पगार, वजन आणि दुसऱ्या लग्नाचा विचार, सगळं विचारून घेतलं. मला शेवयावाला असं नावही ठेवलं. जाताना म्हणाली की कोपऱ्यातल्या मेणकापडाखाली एक फळी आहे, तिच्याखाली खड्डा. सरकारनं घरी दारू करायला बंदी केली होती तेव्हा माठ लपवायचा. या खोलीत माठ ठेवायचा तर आधी फळीवर तीन ठोके द्यायचे आणि मग ती उघडी ठेवायची. मी हो हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी

नियंत्रक निवडणं म्हणजे डोक्याला ताप. स्वस्तातला पांढरा डबा, फोनवर चालणारा, की पोलादी महागडा? प्रत्येकाचे गुण वाचावेत तर तो देव, तक्रारी वाचाव्यात तर तो चोर. यूरिम, माझी लेक, फोनवर म्हणाली, बाबा, आईकडे एक घोंगडी होती फक्त. मी फोन ठेवला.

शेवटी पांढरा डबा मागवला. तापमान मोजणाऱ्या तीन तारा: एक माठात, एक हवेत, एक माठाखालच्या जमिनीवर. तापमान उतरलं की जमीन तापवायची, चढलं की बंद. पोर खेळवेल इतकं सोपं.

कुरियरवाला टोपी घालून, खोकं घेऊन आत आला, तशी बोंग्ये आजी कुंपणावरून धावतच आली. माठावर रजई टाकली, वर फतकल मारून बसली आणि त्याला सांगायला लागली की साहेब, या घरात कुणी दारू गाळत नाही. बिचारा सही न घेताच पळाला. मी पोट धरून हसलो. मालक म्हणतो, तिला अधूनमधून काळाचं भान राहत नाही. टोपी दिसली, गाडी वाजली की तिला बंदीचे साहेबच आले असं वाटतं.

फळीच्या फटीतून गार झोत येतो आणि आकडे हलतात. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, झोत नको. फट सिलिकॉननं बुजवली, वर उष्णतारोधक थर आणि नवं मेणकापड. काम पक्कं. पहिली वडी भिजवली.

२१ फेब्रुवारी

पहिला माठ गेला. आंबट ढाण.

डब्यानं जमीन तापवतच ठेवली. माठ पंचवीसवर, सत्तावीसवर, तेहतीसवर, तरी हा गडी थांबायचं नाव घेईना. पडद्यावर पाहिलं तर तीनऐवजी चार ओळी. चौथी: १९.४. लक्ष्य: ३६.५.

छत्तीस पूर्णांक पाच मी लावलेलं नाही. चौथी तारच नाही.

मदतकेंद्रावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ग्राहकसाहेब, चौथी तार काढून टाका. मी म्हटलं, नाही ती कशी काढू? ती म्हणाली, मग ती आधी जोडा आणि मग काढा. सत्तावीस वर्षांत इतका शुद्ध मूर्खपणा ऐकला नव्हता. डबा परत पाठवला.

६ मार्च

दुसरा माठही गेला.

या वेळी फोनवाला नियंत्रक होता. वेगळी कंपनी, वेगळा मेंदू. चार दिवस शहाण्यासारखा वागला. पाचव्या दिवशी बाजारात उभा असताना फोन वाजला: चौथी तार २७.१, लक्ष्य ३६.५, तापवणं चालू. धावत आलो. मेणकापडावर पाय ठरत नव्हता. माठ उकळीला आलेल्या पेजेसारखा फसफसत होता.

या कंपनीच्या मदतकेंद्राचं म्हणणं, घरात कुणाला तरी ताप असेल. मी म्हटलं, मलाच आहे, तुमच्यामुळे.

इन्हेची एक वडी उरली. एकच. जेवण गेलं नाही.

१० मार्च

पोलादी घेतला. पडदा वेगळा, लांब वायरीवर. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होऊ नये म्हणून आधी सगळं वायरिंग स्वतः तपासलं. तारा तीनच. चौथ्या खाचेवर टोपण लावून वर चिकटपट्टी.

शेवटची वडी भिजवली. काही वाईट जवळ येऊ नये म्हणून बोंग्ये आजीनं माठाच्या गळ्यात डाव्या पिळाची गवताची दोरी बांधली. फळी उघडी ठेवलीस ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोललो. उगाच कटकट नको.

१५ मार्च

माठ: २४.९. सुरेख.
चौथी: ३१.०.

टोपण जागेवर. पट्टी जागेवर.

तापवणं बंद करायला मुख्य खटका खाली ओढला. जमीन तरी गरम. हात ठेवला. ऊब सगळीकडे नाही, फक्त कोपऱ्यात, फळीच्या जागी. माणूस नुकताच उठून गेल्यावर अंथरूण असतं तेवढी.

माठ ओढून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. जमिनीचा खटका बंदच ठेवला. घोंगडी गुंडाळली. यूरिमचं ऐकायला हवं होतं.

१९ मार्च

भर दुपारी खालून आवाज. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन.

उंदीर असेल. उंदराला मोजता येत नाही.

बोंग्ये आजीला विचारलं. ती आज अगदी ताळ्यावर होती. तिनं सोलायचा लसूण बाजूला ठेवला. मग सांगितलं. ही खोली तिच्या सासरची. ती एकवीस वर्षांची, धाकटी सून. साहेब लोक लोखंडी सळया घेऊन गवताच्या गंजी भोसकत आले. थोरली जाऊ, सुन्ने, मुरता माठ घेऊन खड्ड्यात उतरली. हिनं फळी लावली, वर दगडी पाट ठेवला आणि लाकडी मोगऱ्यांनी कपडे कुटत बसली. साहेब गेले की हिनं वरून तीन ठोके द्यायचे, असं ठरलेलं. पण साहेबांनी इथंच जेवण मागितलं. मध्येच खालून ठोके यायला लागले. ते ऐकू जाऊ नयेत म्हणून हिनं मोगऱ्या आणखी जोरात चालवल्या.

मुरत्या माठातून निघणारी हवा जड असते, खाली साचते. तिच्यात काडीसुद्धा जळत नाही.

आजी म्हणाली, साहेब गेल्यावर फळी काढली तेव्हा सुन्ने माठाला मिठी मारून बसली होती. गार. इतकी गार, की आजीनं आपल्या अंगानं तिला संध्याकाळपर्यंत ऊब दिली. काही उपयोग झाला नाही.

मी फळी बुजवली आहे, हे मला तिला सांगता आलं नाही.

२२ मार्च

चौथी: ३५.८. लक्ष्य ३६.५, म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाची ऊब.

माठात काडी धरली. विझली. अजून मुरतोय. वास मात्र – देवा, तोच वास. इन्हेच्या हाताचा. नाशपातीसारखा. रडलो.

फक्त दोन दिवस. मग हे घर सोडतो. माठ घेऊन लेकीकडे. यूरिम परवा दुपारी येतेय.

२४ मार्च, सकाळ

श्राद्धाचे मासे आणि नाशपाती घेऊन आलो तर माठ नाही.

मेणकापड विळीनं फाडलेलं. सिलिकॉन खरवडलेलं. फळी उघडी. शेजारी बोंग्ये आजी, नखं रक्ताळलेली, चेहरा हसरा. म्हणाली, मीटर वाचणारा टोपीवाला आला होता, माठ खाली लपवलाय, काळजी करू नकोस शेवयावाल्या.

तिच्यानं तो माठ उचलणं शक्य नाही. मी ओरडलोच, एकटीनं कसा उतरवला? ती म्हणाली, एकटीनं कुठे, खालून तिनं धरला की.

चौथी: ३६.२.

२४ मार्च, साडेअकरा

तासभर फळी उघडी ठेवली. काडी दोरीला बांधून सोडली. गुडघ्याच्या उंचीला विझते, छातीशी जळते. एका मिनिटाचं काम. श्वास रोखायचा, माठ उचलायचा, वर. इन्हेची शेवटची वडी मी त्या खड्ड्यात सोडणार नाही. पडदा घेऊन उतरतोय, उजेडाला; वही खिशात. आजीला बजावलंय, फळीला हात लावू नकोस.

खाली.

माठ आहे. धड आहे. दोरीसकट. उचलत नाही. जड नाही – कुणीतरी धरून ठेवल्यासारखा –

अंगणात गाडी वाजली. यूरिम.

फळी –

आजीनं फळी लावली. वर काहीतरी जड ओढलं. मी हाका मारतोय. तिनं कपडे कुटायला घेतले.

यूरिमचा आवाज. बाबा कुठे आहेत, विचारतेय. आजी सांगतेय, साहेब, या घरात कुणी दारू गाळत नाही.

ओरडलो. दम पुरत नाही. फळीवर तीन ठोके दिले. मोगऱ्या वाढल्या. पुन्हा दिले. आणखी वाढल्या.

काडी छातीशी विझली. दुसरी तोंडाशी.

पडदा. चौथी ३६.५. महिन्यात पहिल्यांदा लक्ष्य गाठलं. तापवणं बंद.

मोगऱ्या थांबल्या. यूरिम गेली बहुतेक, शोधायला.

ठोके. तीन. साहेब गेले – आता उघडेल – आता

ठोके वरून नाहीत. माठाच्या पली